जस्ताची न टिकणारी पानं

आमच्या भुकटीला समितीचे अध्यक्ष ‘मळ’ म्हणाले. भर बैठकीत, चहाचा कप हातात धरून म्हणाले आणि लगेच शिपायाकडे बिस्किटं मागितली. माझी विद्यार्थिनी अर्चना समोर उभी होती, तिच्या सगळ्या उन्हाळ्यांचं काम पडद्यावर होतं, आणि साहेबांना बिस्किटं हवी होती. मला निवृत्त होऊन आता बराच काळ झाला. लोक म्हणतात, मॅडम, जुनं सोडून द्या. मी सोडलेलं नाही, सोडणारही नाही.

मी खामगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. सगळी नोकरी तिथंच झाली. संपादकांनी निरोप धाडला की नोकरीतल्या आठवणी लिहा, पण दिवाळी अंक आहे, हलकंफुलकं असू द्या. तसंही थोडं लिहिते, म्हणजे राग काढायला मी मोकळी.

तालुक्याच्या गावात रसायनाची बाई असणं म्हणजे सरकारी दवाखाना चालवण्यासारखं आहे, कुणीही काहीही घेऊन येतं. आमचं गाव चांदीसाठी नावाजलेलं. लग्नसराईत हमखास कुणीतरी पैंजण घेऊन दारात. “मॅडम, खरी हाये का पाहून द्या.” मी म्हणायची, सराफाकडे जा बाबा. “त्याच्याकडूनच तं घेतली न.” एकदा संग्रामपूरकडचे एक गृहस्थ विहिरीच्या पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन आले. तो पट्टा खाऱ्या पाण्याचा, तिथं मुलगी द्यायची तर आधी पाणी चाखून बघतात. त्यांच्या मुलीला दोन गावची स्थळं आली होती आणि दोन्ही गावचं पाणी त्यांनी आणलं होतं. “कुठं देऊ तेवढं सांगा.” मी क्षार मोजून दिले. पुढल्या वर्षी ते पेढे घेऊन आले. म्हटलं, कशी आहे मुलगी? म्हणाले, “पानी बेस हाये मॅडम. सासू तपासाची राहून गेली.”

तर अशी आमची प्रयोगशाळा. पंखे कुरकुरणारे, गॅसचा बर्नर मनात आलं तर पेटणारा. पण एक सूक्ष्मदर्शक अव्वल होता. जुना, वजनदार, आणि भिंगं मी स्वतः पुसायची. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे. त्यावरून मला स्टाफरूममध्ये काय काय म्हणायचे ते मला माहीत आहे.

आता आम्ही काय करत होतो ते सांगते. घाबरू नका, सोपं आहे. मांडव घालताना बांबू आणि गाठी लागतात. गाठीच्या जागी धातूचा अणू ठेवा, बांबूच्या जागी कार्बनचा लांबट रेणू ठेवा. असे अगणित सांधे जुळले की एक चौकट उभी राहते आणि तिच्या आत मोकळ्या खोल्याच खोल्या. बाहेरून बघाल तर साधी पांढरी भुकटी, पिठासारखी. पण त्या खोल्यांत वायू साठवता येतो, हवेतली वाफ पकडता येते, पाण्यातलं नको ते अडवता येतं. जगभर लोक या चौकटींमागे लागलेत. आमची चौकट जस्ताची होती, कारण जस्ताचं मीठ स्वस्त, आणि आम्ही ती पाण्यात बनवायचो, कारण महागड्या द्रावणांना कॉलेजकडे पैसे नव्हते. एका भांड्यात जस्ताचं पाणी, दुसऱ्यात त्या रेणूचं पाणी. दोन्ही एकत्र ओतलं की दुधासारखं पांढरं व्हायचं, झालं.

झालं असं सगळे समजतात. पण ओतल्यापासून शेवटची चौकट तयार होईपर्यंत मध्ये काय होतं, हा खरा प्रश्न. बुलढाण्याहून मलकापूरला जाताना राजूर घाट उतरावा लागतो. समजा वरून एखादा दगड गडगडत सोडला. तो थेट तळाला जाईलच असं नाही. मध्ये एखादा सपाट कठडा लागला तर तिथं थांबेल. तिथं तो चांगला स्थिर दिसतो, पण धक्का बसला की पुन्हा निघतो आणि तळ गाठतो. रेणूंचंही असंच होतं. द्रावणात एकदम गर्दी झाली की सगळ्यात पक्की रचना जमायला वेळ नसतो. पटकन जी जमते ती आधी जमते, तिच्यात पाण्याचे रेणूही घुसून बसतात. मग हळूहळू तिचे सांधे सुटतात, ती विरघळते, आणि त्याच मालातून पक्की चौकट उभी राहते. त्या मधल्या थांब्याला आम्ही मध्यावस्था म्हणतो. ती टिकत नाही, म्हणून तिला पकडणं अवघड. इतर चौकटींमध्ये अशा अवस्था लोकांनी पाहिल्या होत्या. आमच्या चौकटीत कुणी पाहिली नव्हती.

ती अर्चनाला दिसली.

अर्चना संग्रामपूर तालुक्यातली. घरी भाजीपाल्याची शेती, नवरा आठवडी बाजार करायचा, स्वतः ज्युनिअर कॉलेजात शिकवायची. दोन लेकरं. पीएच.डी.साठी माझ्याकडे आली तेव्हा मी तिला परत पाठवायला निघाले होते, इतकी ती थकलेली दिसत होती. ती बसूनच राहिली. “मॅडम, तुमी नाई म्हणसान तं मी दुसरीकडं जाईन न. पण दुसरीकडं हाये कोण?” खरं होतं. जिल्ह्यात या विषयाची मार्गदर्शक मी एकटीच.

एक दिवस तिनं मिश्रणाचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला हाक मारली.

“मॅडम, पानं दिसून राह्यली.”

“कायची पानं?”

“जस्ताची, आनखी कायची?”

मी डोळा लावला. खरंच पानं होती. दोन्ही टोकांना निमुळती, एकावर एक पडलेली, हुबेहूब कडुनिंबाची. आमची पक्की चौकट तर बारीक गोळ्यांसारखी दिसते. तेच भांडं ऊबदार जागी राहू दिलं आणि नंतर थेंब पाहिला, तर पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या आणि बाजूला गोळ्या. आणखी थांबलो तर पानं गायब. मी नोकरीत फार कमी वेळा हरखले, त्यातली ही वेळ.

पण डोळ्यांनी पाहिलेलं आमच्या धंद्यात चालत नाही. क्ष-किरणांचा पुरावा लागतो. भुकटीवर क्ष-किरण सोडले की कागदावर टेकड्यांची एक रांग उमटते, आणि प्रत्येक रचनेची रांग वेगळी. ते यंत्र आमच्याकडे कुठलं? ते विद्यापीठाच्या शहरात. नमुना पाठवायचा, फी भरायची, अहवालाची वाट पाहायची. नमुना पाठवायची एक शिस्त असते. आधी स्पिरिटनं नीट धुवायचा, ओव्हनमध्ये खडखडीत वाळवायचा, मग पुडी करायची. ओला, अस्वच्छ नमुना पाठवणं म्हणजे खरकट्या हातानं पंक्तीत वाढणं. मी स्वतः हे विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं घोकून शिकवलं होतं आणि अर्चना तर माझ्याहून काटेकोर.

अहवाल आला. पक्की चौकट, दुसरं काही नाही. परत पाठवला, परत तेच. अर्चनानं आणखी जास्त वेळा धुतलं, म्हटलं कदाचित घाण राहत असेल. तरी तेच. ते अहवाल घेऊन आम्ही विद्यापीठाच्या संशोधन समितीपुढे गेलो आणि तिथं ‘मळ’ झालं.

समितीच्या अध्यक्षांना मी इथं नुसतं ‘सर’ म्हणते. ते म्हणाले, “सूक्ष्मदर्शकात पानं दिसतात, क्ष-किरणांत दिसत नाहीत. म्हणजे तो न विरघळलेला मळ आहे. खामगावसारख्या ठिकाणी हे व्हायचंच, मी दोष देत नाही.” दोष देत नाही म्हणे! मग म्हणाले, विषय बदला. माझी निवृत्ती जूनअखेर होती. त्यानंतर नियमानं मला मार्गदर्शक राहता येत नव्हतं. तोवर समितीनं काम मान्य केलं नाही तर अर्चनाची नोंदणी रद्द. विषय बदलायला वेळच नव्हता, आणि हे सरांना ठाऊक होतं. 

परतीच्या एसटीत अर्चना ते अहवाल पुन्हा पुन्हा चाळत राहिली. वाटेतल्या एका थांब्यावर पाणी प्यायला उतरलो तेव्हा म्हणाली, “मॅडम, ते मळ नाई.” मी म्हटलं, मला माहीत आहे. “पण मंग जाते कुठं?”

हा प्रश्न तिनं सोडला नाही. दुसऱ्या आठवड्यात तिनं प्रत्येक पायरीचा थेंब पाहायला सुरुवात केली. ओतल्यावर, गाळल्यावर, धुताना, वाळवताना. याआधी आम्ही धुताना कधीच पाहिलं नव्हतं. कपडे धुताना कुणी भिंग लावून बघतं का? ती माझ्या टेबलाशी आली आणि मला सूक्ष्मदर्शकाकडे घेऊन गेली.

“मॅडम, आपणच मारून राह्यलो त्याले. धुवून धुवून.”

काचेवर पानं होती. तिनं माझ्यासमोर बाजूनं स्पिरिटचा थेंब सोडला. पानांच्या कडा विस्कटायला लागल्या. ओव्हनची ऊब दिली आणि उरलेलीही गेली. स्पिरिट पानांच्या थरांतलं पाणी ओढून घेत होतं, सांधे सुटत होते आणि पक्की चौकट तयार होत होती. आम्ही जितकं स्वच्छ काम करायला गेलो तितका आमचा पुरावा आम्हीच संपवला. एखाद्या गलथान मुलीनं न धुता पुडी पाठवली असती तर तिला तो पहिल्याच खेपेला मिळाला असता. मी खुर्चीत बसून हसले, आणि मग मला रडू आलं. याच विषयावर माझ्याकडे पंकज नावाचा एक मुलगा अर्चनाच्या आधी काम करत होता. तोही असाच धुवत राहिला आणि कंटाळून औषध कंपनीत विक्रीला गेला. त्याचं वाईट मला आजही वाटतं.

मी यंत्राच्या केंद्राला फोन लावला. ओला नमुना पाठवतो म्हटलं. “ओला घेत नाही, मॅडम. नियम आहे.” शिवाय वाटेत मे महिन्याचं ऊन, बसच्या टपावर पार्सल. तिथं पोचेपर्यंत पानं कशी राहणार? म्हणून मी म्हटलं, मग नमुना पाठवतच नाही, आम्हीच येतो. दोन्ही पाणी वेगवेगळं आणतो आणि तुमच्या दारात एकत्र करतो.  मग यंत्रावरचे वाघमारे, भला माणूस, हळूच म्हणाले, “या तर खरं, बघू.” मी सरांनाही कळवलं, समोर बसून पाहा म्हणून. ते नाही म्हणतील असं वाटलं होतं, पण आले. आम्हाला तोंडघशी पडताना बघायला आले असावेत.

खामगावाहून जलंबपर्यंत आमची छोटी रेल्वेगाडी, तिथून मोठी. अर्चनानं मांडीवर दोन बाटल्या धरल्या होत्या, तान्हं पोर धरावं तशा. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “बाई, बाटल्यात काय हाये?”

“पानीच हाये, बाबा.”

“मंग दोन काऊन?”

“एकत्र केलं का पांढरं होते.”

म्हाताऱ्यानं पिशवी जवळ ओढली. “मंग आता करू नको बाप्पा. मले जलंबले उतरू दे.”

केंद्रावर यंत्राची खोली थंडगार होती. आमच्याकडे मे महिन्यात माणसं सावली शोधत फिरतात आणि इथं वाघमाऱ्यांनी स्वेटर घातलेला. सरांनी पहिली शंका काढली की आमची भांडी अस्वच्छ असतील. मी म्हटलं, “मग तुमची घ्या. ओता पण तुम्हीच.” त्यांनी केंद्रातल्या बाटलीत ओतलं. पांढरं झालं. अर्चनानं थेंब काचेवर पसरला, वर पातळ पारदर्शक कागद लावला म्हणजे वाळणार नाही. न धुता, न वाळवता यंत्रात ठेवला.

पडद्यावर रेघ सरकायला लागली आणि अगदी सुरुवातीलाच, जिथं आमच्या पक्क्या चौकटीची एकही टेकडी नसते तिथं, एक टोकदार टेकडी उभी राहिली. मग दुसरी. वाघमारे म्हणाले, “हे काहीतरी वेगळंच आहे.” मळाला अशी रेखीव रांग नसते. मी सरांकडे पाहिलं, चांगलं डोळे भरून पाहिलं.

पण सर कच्चे नव्हते, हे मान्य करायला हवं. ते थांबले. थोड्या थोड्या वेळानं नवा थेंब लावायला सांगितला. प्रत्येक वेळी तीच टेकड्यांची रांग, तितकीच उंच. दुपार झाली तरी पानं जागची हलेनात. सर खुर्चीत रेलले. “हे बघा, काहीतरी तयार झालं हे खरं. पण मध्यावस्था म्हणायची तर ती जाताना दिसली पाहिजे. ही तर जातच नाही. म्हणजे वेगळा पदार्थ मिसळला गेलाय.” आणि मग आवाज मऊ करून म्हणाले, “मी कठोर माणूस नाही. ‘मध्यावस्था’ काढा, तिथे ‘अशुद्धी’ घाला. मी आजच सही करतो. मॅडमही निवृत्त होतायत. पदवी मिळण्याशी मतलब.”

 भांडायला मी कधी मागे हटले नाही, पण ही पदवी तिची होती. नाही म्हटलं आणि बाजी हुकली तर माझं पेन्शन सुरू होणार होतं, तिची मात्र सगळी वर्षं मातीत जाणार होती. मी तिच्याकडे पाहत राहिले आणि मनात म्हणत होते, घेऊन टाक बाई, घेऊन टाक.

अर्चनानं डोक्यावरचा पदर कमरेला खोचला. बाहेरच्या लोकांशी ती नेहमी पुस्तकी मराठी बोलायची, चाचरत. त्या दिवशी बोलली नाही.

“सर, पदवी मले पायजे. लय पायजे. पण अशुद्धी लिहिलं तं ते खोटं होईन. इथं थंडं हाये म्हणून ते बसून राह्यलं. आमच्याकडं असं बसत नाई.”

आणि तीच बाटली, सरांनी स्वतःच्या हातानं भरलेली, उचलून ती दाराबाहेर गेली. केंद्राच्या मागं सिमेंटचा कट्टा होता, ऊन असं की चप्पल चिकटावी. बाटली तिथं ठेवली आणि शेजारी उभी राहिली. छत्री नाही, काही नाही. सर म्हणाले, “हे काय चाललंय?” मी म्हटलं, “प्रयोग चाललाय. तुमची बाटली, तुमचं पाणी, वरून काही घातलेलं नाही. फक्त ऊन. तुम्ही जेवून या किंवा बसा.”

ते बसले. वाघमाऱ्यांनी जेवण सोडलं, स्वेटर काढला आणि ड्रॉपर घेऊन स्वतः आतबाहेर करायला लागले. पहिल्या थेंबात काही फरक नाही.  पुढच्यात पहिली टेकडी थोडी खाली आलेली, इतकी थोडी की सर म्हणाले, हा यंत्राचा चढउतार. त्याच्या पुढच्यात ती निम्म्याला आली आणि उजवीकडे पक्क्या चौकटीची टेकडी डोकं वर काढायला लागली. मग दर थेंबाला ही उतरत गेली, ती चढत गेली. शेवटी पानांची रांग सपाट झाली आणि पडद्यावर उरली ती आमची चौकट, अहवालात पुन्हा पुन्हा आलेली. 

सरांनी सगळे आलेख एकाखाली एक छापून मागवले. पेनाच्या टोकानं टेकड्या मोजल्या. शेवटच्या आलेखावर बोट ठेवून म्हणाले, “जाते.” मग ‘मध्यावस्था’ शब्दाला हात न लावता सही केली. निघताना अर्चनाला म्हणाले, “इकडे या तुम्ही. एवढं यंत्र आहे आमच्याकडे. तिथे खामगावात काय आहे?”

उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता, ओठ फुटले होते. म्हणाली, “सर, तुमच्या खोलीत दुपारपर्यंत ते काऊन हललं नाई?” 

मी ठरल्या तारखेला निवृत्त झाले. अर्चनाला पदवी मिळाली आणि ती आमच्याच कॉलेजात आली, माझ्या खोलीत, माझ्या सूक्ष्मदर्शकापाशी. भिंगं आता ती पुसते आणि कुणाला हात लावू देत नाही, असं ऐकते. तिच्या छापून आलेल्या कामावर गावाचं नाव खामगाव आहे, बुलढाणा जिल्हा. अजून काही विद्वान मान हलवत म्हणतात, असं तिथं कसं होईल. त्यांनी एकदा यावं, मी स्टेशनवर घ्यायला येते. मात्र मे महिन्यात यावं. आम्ही दोन बाटल्या तयार ठेवू, आणि उन्हात उभं राहायची तयारी त्यांची असावी.